तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

रोज सकाळी साडेनऊला दादा रेकॉर्डप्लेअरकडे पाठ करून खुर्चीत बसायचा आणि मी तबकडी लावायची. कोणती लावली ते सांगायचं नाही, खोकायचं नाही, कप आधीच खाली ठेवून द्यायचा, हे त्याचे नियम. माझा नियम एकच होता. सुई टेकली की मी स्टॉपवॉच दाबणार, आणि त्या क्षणी माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. तेहतीस वर्षं मी शाळेत मुलांना पळवलं, उड्या मारायला लावल्या आणि त्यांच्या वेळा नोंदवल्या. पोरं मागून मला 'शिट्टी' म्हणायची आणि मला ते कळतं हे त्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाले तेव्हा शाळेने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते आठवड्याला चार मिनिटं मागे पडतं. माझं स्टॉपवॉच मात्र अजून एका दशांशालाही चुकत नाही. वहिनी गेल्यावर दादा एकटा पडला आणि मी तर आधीपासूनच एकटी होते, म्हणून आठ वर्षांपूर्वी मी माझं सामान घेऊन त्याच्याकडे राहायला आले.

दादा पियानो ट्यूनर. पियानोच्या सव्वादोनशेच्या वर तारा एकेक करून खुंटीला पीळ देत सुरात आणायच्या, हे काम त्याने एक्केचाळीस वर्षं केलं. बाकीचे ट्यूनर आधी नादकाटा वाजवून त्याच्याशी पहिली तार जुळवतात. तो काटा ठोकला की 'ए' हा एकच सूर देतो, आणि सगळा वाद्यवृंद त्याच सुरावर आपापली वाद्यं लावतो. दादाने काटा तिशीतच ड्रॉवरमध्ये टाकून दिला. त्याला लागायचाच नाही. लोकांच्या घरी गेला की कोट खुंटीला अडकवता अडकवता तो 'ए' गुणगुणायचा, मग घरातल्या कुणाला तरी खात्री करून बघायला सांगायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघून मनातल्या मनात फुशारून जायचा. हा एवढा एक शौक सोडला तर माणूस अगदी साधा.

शहरातल्या मोठ्या हॉलचा पियानो लावायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडे होतं. चौदा महिन्यांपूर्वी हॉलवाल्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. मग त्यांचं बघून दोन संगीतशाळांनी बंद केलं. उरली ती घरोघरची कामं, तीही महिन्याला चार-पाच. दादा सकाळी दाढी करून, कपडे करून बसायचा आणि दुपारपर्यंत त्याच कपड्यांत बसून राहायचा. मला ते बघवेना. त्याच्या कपाटात एका संगीतकाराच्या सातही सिंफनी होत्या, त्याही अकरा वेगवेगळ्या कंडक्टरांनी वाजवून घेतलेल्या. दादा त्या संगीतकाराला 'बुवा' म्हणतो. एकदा मी म्हटलं, "सात अकरे सत्याहत्तर. रोज एक ऐकू. अकराजणांत बुवांना नीट कुणी ओळखलंय ते एकदाचं ठरवून टाकू."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला वेळ कळते. कोण किती मिनिटांत पोचला ते मी सांगेन. बाकी तू बघ."

असा आमचा उद्योग सुरू झाला. सोमवारी पहिली सिंफनी, मंगळवारी दुसरी, असं रविवारी सातवीपर्यंत. एका आठवड्याला एक कंडक्टर. चिठ्ठ्या टाकून क्रम मी ठरवायचे, तो दादाला माहीत नसायचा. तरी पहिल्या दहा मिनिटांत तो ओळखायचाच. खरी नावं परदेशी आणि लांबलचक, माझ्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आमचीच नावं ठेवली. एक होता 'शाळामास्तर', सगळं ओळीत. एक 'घाईवाला', त्याला बहुधा घरी पाहुणे यायचे असत. एकाच्या संथ भागात मला हमखास डुलकी लागायची, तो 'अंगाई'. आणि एक 'सुतार', कारण त्याच्याकडचे ढोल वाजले की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारायची की काही दुरुस्ती चाललीये का. वहीत मी मिनिटं-सेकंद लिहायचे आणि दादा दहापैकी गुण द्यायचा.

गुण मात्र फार कमी पडायचे, आणि कारण नेहमी तेच.

"चढलेत," दादा म्हणायचा. "सगळा वाद्यवृंद चढलाय. ऐकतेस ना?"

मी कशाला ऐकतेय! मी घड्याळ बघत असायचे.

"हल्ली हे असंच झालंय," तो चिडून सांगायचा. "सूर जरा चढवला की झगमगीत वाटतं, लोक टाळ्या देतात. म्हणून दरवर्षी एकेक केस वर. या कंडक्टर लोकांनी बुवांच्या सिंफनीची वाट लावलीये. दीड गुण कापून टाक."

मी कापायचे. पण पाचव्या आठवड्यात सुतार आला. ती रेकॉर्ड दादाच्या लहानपणची, त्याच्या गुरूंनी दिलेली, आणि तीही त्याला चढलेली वाटली. तेव्हा मात्र तो गोंधळला. साठ वर्षांपूर्वीचा माणूस हल्लीच्या फॅशनला कसा बळी पडेल? विचार करकरून त्याने दोष यंत्रावर टाकला. तबकडी जोरात फिरली की सूरही वर चढतो, हे मला तेव्हा प्रथम कळलं. आठव्या आठवड्यात कधीतरी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन रेकॉर्डप्लेअरशी खुडबुड करत होता, आणि जेवताना खुशीत म्हणाला की यंत्राचं दुखणं बरं केलं. त्यानंतर गुण वाढले. अंगाईलासुद्धा साडेआठ मिळाले. दादा जेवायला लागला, संध्याकाळी चालायला जाऊ लागला. मीही मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

अकरा आठवडे संपले. वरच्या चौघांची दुसरी फेरी घ्यायची असं ठरलं, आणि पहिल्याच सोमवारी मी शाळामास्तरची पहिली सिंफनी लावली. ती संपली तेव्हा घड्याळात बत्तीस मिनिटं अठ्ठावीस सेकंद झाले होते.

मी वही उघडली. पहिल्या फेरीत हीच तबकडी एकतीस मिनिटं दहा सेकंदांत संपली होती.

आता कुणी म्हणेल, सव्वा मिनिटाने काय बिघडतं? पण तबकडी म्हणजे काही शाळेतलं पोरगं नव्हे, की आज पाय मुरगळला आणि उद्या पोट दुखलं. ती रोज तेवढीच चालणार. मी दादाला काही बोलले नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार असं वाटून मी घाबरले, कारण घड्याळ सोडलं तर त्या घरात माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काय होतं?

दुपारी दादा एका घरी पियानो लावायला गेला. मी आधी स्टॉपवॉच रेडिओच्या वेळेशी ताडून बघितलं. चोख होतं. मग रेकॉर्डप्लेअरचं झाकण उघडलं. वेग ठरवणारी एक छोटी खिट्टी बाजूला होती, तिच्या मध्यावर शून्य, आणि दादाने ती शून्याच्या बरीच खाली सरकवून ठेवली होती. मला वाटलं, यंत्र जोरात पळतंय म्हणून त्याने ओढून धरलंय, बरोबरच केलं. पण मग खरी वेळ कोणती, आधीची की आताची?

रेकॉर्डच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. फेऱ्या मोजण्यात माझा जन्म गेलाय. मी तबकडीच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला, खुर्ची ओढून बसले आणि कपटा समोरून गेला की एक, असं मोजायला लागले. तीन मिनिटांत शहाण्णव भरल्या. पुन्हा मोजल्या. शहाण्णव. मग खिट्टी शून्यावर नेली आणि तिसऱ्यांदा मोजलं. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर, आणि घड्याळ तीन मिनिटांवर.

म्हणजे यंत्राला काहीच झालं नव्हतं.

मला संगीत कळत नाही, पण बेरीज-वजाबाकी कळते. यंत्र बरोबर, साठ वर्षांपूर्वीचा सुतार बरोबर, अकराच्या अकरा कंडक्टर बरोबर. मग चढलेलं ऐकू येणारा कान तेवढा उरला. मी तिथेच जमिनीवर बसले. आणि चौदा महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच जागी उभा राहून माझा भाचा काय म्हणाला होता ते मला शब्दन्‌शब्द आठवलं.

भाचा म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, तोही ट्यूनर, बापाच्याच हाताखाली शिकलेला. हॉलमधल्या सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या एका बाईने तक्रार केली होती, की पियानो उतरलेला असतो, आमचा सूर त्याच्याशी जुळत नाही. दादाने ती उडवून लावली. भाच्याने जाऊन पियानो तपासला आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "बाबा, त्यांचं खरं आहे. तुम्ही लावलेले सगळेच पियानो उतरतायत. घरच्या पियानोला सोबत कुणाची नसते म्हणून कुणाला कळत नाही. आपण एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या. वयाबरोबर असं होतं म्हणे, काट्याशिवाय सूर ओळखणाऱ्या माणसांना सगळं चढलेलं ऐकू यायला लागतं."

दादा पांढराफटक पडला होता. "हॉलचं काम तुला हवंय, ते सरळ सांग," एवढंच तो म्हणाला.

आणि मी? मी मध्ये पडले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी पडले. "बापाने ज्या विद्येवर तुला पोसलं, त्याच विद्येवरून बापाच्या पोटावर पाय देतोस?" असं मी म्हटलं. "लाज वाटत असेल तर या घरात पुन्हा तोंड दाखवू नकोस," हेही मीच म्हटलं, दादा नाही. भाच्याने माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि गेला. हॉलवाल्यांनी नंतर त्याला विचारलं तेव्हा त्याने नकार दिला, हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं होतं. ते मी दादाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी चुकले असं झालं असतं.

त्या दिवशी मी खिट्टी पुन्हा खाली होती तिथे सरकवली, कपटा काढला आणि गप्प बसायचं ठरवलं. दादाचं वय अडुसष्ट. महिन्याला चार-पाच घरं, तिथे कुणाची तक्रार नाही. घरात सकाळी बुवा त्याला सुरात ऐकू येतात. जगात तेवढी एक जागा त्याच्यापुरती सुरात असेल तर ती मोडणारी मी कोण?

बुधवारी हॉलमधून फोन आला. फोन दादानेच घेतला. बोलता बोलता तो ताठ उभा राहिला, दुसऱ्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला लागला. त्यांच्या नव्या ट्यूनरचा हात मोडला होता. शनिवारी पियानो वाजवणारी एक नावाजलेली बाई येणार होती, पूर्ण वाद्यवृंदाबरोबर. तुम्ही याल का, असं व्यवस्थापक विचारत होता. मागचं विसरून जाऊ म्हणत होता.

"बघितलंस, ठमे?" फोन ठेवून दादा म्हणाला. लहानपणापासून मी त्याची ठमीच. "शेवटी माझंच दार ठोठावावं लागलं की नाही? चौदा महिन्यांनी अक्कल आली."

त्याने हत्यारांची पेटी टेबलावर उघडली. पीळ द्यायची किल्ली तेल लावून पुसली, तारा दाबून धरायच्या नमद्याच्या पट्ट्या मोजल्या, त्यातली एक झिजलेली म्हणून बदलली. मग मला म्हणाला, "निळा शर्ट इस्त्री करशील?" मी इस्त्री केली. बाह्यांना दोनदा केली, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

शनिवारी भरलेल्या हॉलमध्ये काय होणार हे मला समोर दिसत होतं. सगळा वाद्यवृंद एका सुरावर आणि दादाचा पियानो दुसऱ्या. मग लोक एकमेकांकडे बघणार. आणि या वेळी ते कुणाच्या तक्रारीवर ढकलता येणार नव्हतं. मी नाही सांगितलं तर हजार माणसं सांगणार होती.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तो पाठ करून बसला तेव्हा मी म्हटलं, "दादा, आज इकडे तोंड करून बस."

"का? कोण आहे आज?"

"कुणी नाही. आज फेऱ्या मोजायच्यात. तू मोज, मी वेळ लावते."

त्याला गंमत वाटली. मी कपटा चिकटवला, तो पुढे वाकून पुटपुटत मोजत राहिला. "शहाण्णव," तो म्हणाला.

"किती व्हायला हव्यात?"

ट्यूनरला हे सांगावं लागत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच हात पुढे करून खिट्टी शून्यावर नेली आणि म्हणाला, "लाव वेळ." या वेळी तो पुटपुटला नाही. नुसते ओठ हलत होते. शंभराव्या फेरीला माझं घड्याळ थांबलं आणि तो मागे टेकला.

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"तुझं घड्याळ," दादा म्हणाला.

"दादा, माझं घड्याळ चुकत नाही."

तो उठला. आतल्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये बराच वेळ शोधत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात काळा पडलेला नादकाटा होता. खुर्चीत बसून त्याने काटा गुडघ्यावर ठोकला आणि कानाशी धरला. पुन्हा ठोकला. मग काट्याचं बूड टेबलावर टेकवलं, तेव्हा तो बारीक सूर मलाही ऐकू आला. दादाने डोळे मिटले आणि सवयीप्रमाणे स्वतःचा 'ए' गुणगुणला. टेबलातून येणारा सूर आणि दादाच्या गळ्यातला सूर वेगळे होते. दादाचा खाली होता. मला कळलं म्हणजे कुणालाही कळलं असतं.

"काटा बिघडलाय," दादा म्हणाला.

मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं.

तो काट्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काटा बिघडत नाही गं. गिऱ्हाइकांना मीच सांगायचो. लाकूड फुगतं, तारा सैल होतात, माणसं म्हातारी होतात, काटा तेवढा तसाच राहतो." आणि मग, "कधीपासून?"

"तुझ्या लेकाने सांगितलं त्याच्याही आधीपासून असणार."

त्याने तोंडावर हात धरला. माझा दादा रडताना मी कधी बघितला नव्हता, वहिनी गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी बघितला, आणि मीही रडले, कारण मला भावाचं वाईट वाटत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

दुपारी त्याने हॉलला स्वतः फोन लावला. मी म्हटलं होतं, तब्येत बरी नाही असं सांग. तो म्हणाला, तब्येत छानच आहे. "माझा कान गेलाय," त्याने व्यवस्थापकाला सांगितलं, कामाची गोष्ट सांगावी तितक्या सरळ. "मागची तक्रार खरी होती. त्या बाईंना माझा निरोप द्या. शनिवारी माझ्या मुलाला बोलवा. तो काट्याने लावतो."

मुलाला फोन मात्र त्याच्याने होईना. तो मी केला. पलीकडे भाच्याने "हॅलो" म्हटलं, आणि घोकून ठेवलेलं सगळं मी विसरले. "मी आत्या," म्हटलं. "तुझं खरं होतं. मी तुला नाही नाही ते बोलले. मला काही कळत नव्हतं आणि मी बोलले."

तो म्हणाला, "बाबांना कळलं?"

"कळलं."

"मला वाटत होतं, कधीच कळू नये," तो म्हणाला. "घरून गेल्यावर मी रोज तेच म्हणायचो, की मी चुकलेलो असू दे."

शनिवारचं काम त्याने केलं. रविवारी सकाळी तो घरी आला, हातात पेटी, जरा जाड झालेला, कानांपाशी केस पिकलेले. बापलेक दारात एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांनाही काय करायचं ते सुचेना. शेवटी दादा म्हणाला, "आलास ते बरं झालं. घरचा पियानो बघायचाय."

भाच्याने त्याच्या पूर्वीच्या खोलीतला घरचा जुना पियानो उघडला. काटा ठोकला, एक पट्टी दाबली. मग एकेक करत वरपासून खालपर्यंत सगळ्या दाबल्या. दादाने विचारलं, "किती?"

"जवळजवळ पाऊण अर्धसूर खाली आहे." एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे अर्धसूर, हे मला मागाहून कळलं. "पण बाबा, सगळ्या तारा एकमेकींशी इतक्या चोख आहेत, की मला नाही असा लावता येत. मी आजवर दुसऱ्या कुणाचा असा लावलेला बघितला नाही."

"चोख असून काय उपयोग? चढव."

"राहू दे ना. तुम्हाला हा सुरात वाटतो. इथे कुठे वाद्यवृंद येणार आहे?"

"ट्यूनरच्या घरचा पियानो उतरलेला ठेवायचा?" दादा रागावून म्हणाला. "काढ किल्ली."

चार तास लागले. एवढं चढवायचं तर एका दमात होत नाही, तारा तुटतात. सगळ्या तारा एकदा थोड्या वर घेऊन मग पुन्हा पहिल्यापासून लावाव्या लागतात. दादा जवळ खुर्ची घेऊन बसला आणि मागितली की नमद्याची पट्टी हातात देत राहिला. मी स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने डोकावत होते. मला काहीच कळत नव्हतं असं नाही. एक पट्टी वाजायची, किल्लीबरोबर तिचा आवाज वर सरकायचा, आणि तेवढ्यात दादाचा खुर्चीच्या हातावरचा पंजा घट्ट व्हायचा. त्याच्यापुरता सुरात असलेला एकेक सूर त्याच्या डोळ्यांदेखत बिघडत होता, आणि पुढच्या तारेसाठी तोच नमद्याची पट्टी पुढे करत होता. मी म्हटलं, "दादा, तू जरा बाहेर फिरून ये." तो जागचा हलला नाही.

शेवटची तार झाल्यावर भाच्याने किल्ली खाली ठेवली आणि बाजूला सरकला. काम झालं की गुरूने वाजवून बघायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. दादा उठला, स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी सुरांची एक जुळणी वाजवली, मग दुसरी, मग नुसताच 'ए', एका बोटाने, तीन वेळा. आवाज विरेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

भाचा पाठमोरा होता, नमद्याच्या पट्ट्या गोळा करत होता. त्याचे हात थांबले. "बाबा, मला बरं वाटावं म्हणून नका म्हणू. तुम्हाला हा अख्खा चढलेला ऐकू येतोय. मला माहितीये."

"येतोय ना," दादा म्हणाला. "एकही सूर माझा राहिला नाही. पण तू लावलायस, म्हणजे बरोबर आहे."

भाच्याने खाली बसून बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळीस वर्षांचा माणूस. दादाने एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पियानोचं झाकण लावून टाकलं. ते त्याने त्यानंतर उघडलेलं नाही.